शेपट्या ओळखणारी मावशी

माझी मावशी एकतीस वर्षं देवमाशांच्या शेपट्या ओळखायचं काम करत होती. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. बंदरावर तिला सगळे शेपूटबाई म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. नवीन पोस्टमनला तिनं स्वतःच सांगितलं होतं, "नुसतं शेपूटबाई लिहिलेलं असलं तरी इथेच आणून टाक."

काम असं होतं. थंडीच्या महिन्यांत हंपबॅक जातीचे देवमासे आमच्या बेटांमधल्या उबदार पाण्यात पिलांना जन्म द्यायला येतात. खोल बुडी मारताना ते शेपटी पाण्याबाहेर उचलतात, आणि तिची खालची बाजू प्रत्येकाची वेगळी असते. कुणाला पांढरा पट्टा, कुणाला दातांचे ओरखडे, कुणाची कड जाळ्याच्या दोरानं कापलेली. तिचा फोटो काढायचा आणि आधीच्या फोटोंशी ताडून बघायचा. जुळला तर ओळखीचा, नाही जुळला तर नवा, म्हणून नवा नंबर. दरवर्षी तेच ते भेटले तर समजायचं, समुद्रात देवमासे थोडे आहेत. नवे फार भेटायला लागले तर न दिसलेलेही पुष्कळ असणार.

फोटो मी होडीवरून काढायचे. जुळवायची मावशी. आमची खोली बर्फाच्या कारखान्याच्या वर होती, फरशी इतकी गार की मावशी बारा महिने दोन-दोन मोजे घालून बसायची. भिंतीभर उथळ खणांची लोखंडी कपाटं, खिडकीशी टेबल, टेबलावर भिंग. नवा फोटो हातात आला की ती क्षणभर बघायची, उठायची आणि शेकडो फोटोंतून नेमका हवा तो काढून आणायची. "ही बघ, आठ वर्षांनी उगवली बया," असं म्हणायची, जणू माहेरवाशीण आली आहे. मला स्वतःच्या मुलाची शाळेच्या गर्दीत पाठ ओळखू येत नाही, आणि ही बाई समुद्रातल्या शेपट्या ओळखत होती.

नव्या नंबरावर दोन सह्या लागायच्या. एक तिची, दुसरी माझी. दुसऱ्या माणसानं सगळे खण पुन्हा तपासून, हा देवमासा खरंच आधी आलेला नाही ना, हे बघायचं आणि मग सही करायची, असा नियम. मी कधी तपासलं नाही. होडीवरून भिजून आलेली असायचे, घरी स्वयंपाक पडलेला असायचा, आणि मावशीचं काम मी काय तपासणार? मी डोळे झाकून सह्या ठोकल्या. हे मला आयुष्यभर पुरणार आहे.

शेवटच्या चार-पाच वर्षांत नवे नंबर भराभर वाढायला लागले. मावशी खुशीत होती. मात्र माझ्या फोटोंवर तिची कुरकुर सुरू झाली. "तुझे फोटो हल्ली धुरकट येतात गं. लेन्स पुसत जा." मी पुसायचे. पुन्हा तेच. एकदा मी चिडून म्हणाले, "मावशी, लेन्स पुसून पुसून झिजली, आता समुद्र पुसू का?" ती पोट धरून हसली. त्याच सुमारास चहा ओतताना तिचा नेम चुकून तो कपाऐवजी बशीत पडायला लागला होता. मी त्याचीही थट्टाच केली.

संख्येला मोठं महत्त्व होतं. दोन बेटांमधल्या चिंचोळ्या वाटेतून जहाजांनी थंडीत निम्म्या वेगानं जायचं, असं बंधन होतं, कारण वेगातल्या जहाजापुढून पिलू घेऊन चाललेल्या मादीला बाजूला होता येत नाही. सलग तीन वर्षं संख्या वाढली तर बंधन उठवायचं, असंही ठरलेलं होतं. मावशीच्या नोंदींवरून आकडा निघाला चारशे बारा. ठेवणीतले कपडे घालून ती स्वतः बंधन ठरवणाऱ्या बैठकीत तो सांगायला गेली. टाळ्या पडल्या. पुढच्या थंडीपासून जहाजं पूर्ण वेगात धावायला लागली आणि मावशी म्हणाली, "धावू देत. आता देवमासे सावरले आहेत."

त्यानंतर कधीतरी ती जिन्यात पडली, म्हणून मी तिला डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. "इतकी वर्षं बारीक काम कसं करत होता?" डॉक्टरांनी विचारलं. मावशी ऐटीत म्हणाली, "सवयीनं."

ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा खोलीत आली तेव्हा म्हणाली, "अगं, तुझे फोटो किती स्वच्छ आहेत!" हौसेनं तिनं एक खण उघडला, मग दुसरा. मग दोन फोटो शेजारीशेजारी ठेवून तिनं भिंग लावलं. दोन्ही एकाच देवमाशाचे होते आणि नंबर मात्र दोन. त्या दिवशी तशा अकरा जोड्या निघाल्या. खाली बर्फाच्या कारखान्याचा भोंगा वाजला तरी ती उठली नाही. "मला दिसत नव्हतं आणि मी नवी म्हणून लिहीत गेले," ती म्हणाली. "तू तरी बघायचं होतंस गं." एवढंच. त्याऐवजी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिनाभर आम्ही दोघींनी सगळे खण उपसले. जोडी सापडली की ती एक नंबर खोडायची. दर वेळी हात थोडा थांबायचा. शेवटी नवा आकडा आला दोनशे तीस. म्हणजे वाढ झालीच नव्हती. वर्षवार मांडून पाहिलं तर दरवर्षी ते कमी होत होते, आणि कमी होत असतानाच आम्ही त्यांच्यावर जहाजं सोडली होती.

तिनं वरिष्ठ कार्यालयाला पत्र लिहिलं. चूक माझी, डोळे माझे, बंधन ताबडतोब परत घाला. माझं नाव तिनं त्यात घातलं नाही. माझंही घाल, असं मी म्हणाले तर म्हणाली, "तुझी नोकरी राहू दे. कुणीतरी फोटो काढायला हवं." दोन महिन्यांनी उत्तर आलं. संख्येचा फेरविचार पाच वर्षांनी भरणाऱ्या बैठकीत होईल, तोवर मंजूर आकडाच ग्राह्य धरावा, आणि आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभार. मी तिथल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, जहाजांची वेळापत्रकं लागली आहेत. मावशींना म्हणावं, आता आराम करा."

त्या थंडीत एका सकाळी दगडी धक्क्यापलीकडे एक मादी वाहून आली. पाठ जहाजानं उभी फाडली होती. बंदराचा अधिकारी मेलेल्या देवमाशांची नोंद करायचा कागद घेऊन आला होता, भला माणूस, मावशीला त्यानं हात धरून दगडांवरून उतरवलं. शेपटी उताणी पडली होती. मावशीनं वाकून तिच्या कडेवरून हात फिरवला.

"चौऱ्याहत्तर," ती म्हणाली. "हिला मी एकोणीस वर्षं ओळखते." मग थोड्या वेळानं, "आणि तीनशे एक्क्याण्णव."

अधिकाऱ्याला वाटलं, म्हातारी गोंधळली. तो समजावत म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, बाई. एकच गेली. अजून चारशे अकरा आहेत."

"दोन लिहा," मावशी म्हणाली.

"एकच आहे हो समोर."

"एकच आहे. पण तुमच्या यादीत ती दोनदा आहे. एक लिहिलंत तर दुसरी तिथे जिवंत राहील. दोन लिहा ना, साहेब." ती रडत होती. इतक्या वर्षांत मी तिला कुणाला साहेब म्हणताना ऐकलं नव्हतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "त्या बरोबर सांगताहेत, दोन लिहा." त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि ओशाळून म्हणाला की मंजूर यादी बदलायचा अधिकार त्याला नाही. मग त्यानं एक लिहिलं.