मोटरीचं नाव

विहिरीवरच्या मोटरीला मीच नाव ठेवलं आणि पंधरा दिवसांत मीच ते विसरलो.

मी लातूरला शाळेत मराठी शिकवतो. आई कंधारजवळ आमच्या शेतात, आखाड्यावरच्या दोन खोल्यांत राहते. तिचे गुडघे दुखतात. मोटर सुरू करायला तिला विहिरीपर्यंत जावं लागू नये म्हणून मी जुना स्टार्टर काढून थेट भंगारवाल्याला दिला आणि वायफायवर चालणारी पेटी बसवली. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये पेटीचं नाव टाकायचं, पुढे डॉट देऊन 'लोकल' लिहायचं, की हिरवं-लाल बटण समोर. नावाऐवजी आकडे टाकूनही ते पान उघडतं, पण लाईट जाऊन आली की आकडे बदलतात. "नाव कधी बदलत न्हाई," असं मी आईला छाती फुगवून सांगितलं होतं.

त्या रविवारी तिनं सकाळीच वांग्याची रोपं लावली. लाईट दोनला जाणार होती. एक वाजता मी बाजेवर बसून मोबाईल काढला. मोटर विहिरीवरची, तेव्हा नाव 'विहीर'. टाकलं. साईट सापडली नाही. व्हीच्या जागी डब्ल्यू घातला. आय काढून दोन ई केले, मग दोन्हीकडे दोन-दोन. जन्मभर दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढलेला माणूस मी, इंग्रजी अक्षरांत पुरता अडकलो.

"काय करून राह्यलास रे?"

"मोटर लावतोय."

"अर्धा तास?"

आई वाफ्यात जाऊन बघून आली. "रोपांनी माना टाकल्या. पयला खटका बरा व्हता, दाबला की सुरू. ह्या मोटरीचं नाव तरी काय ठिवलंस?"

"विहीर."

"काय?"

"विहीर, आई."

"आपल्यात कोण म्हणतं तसं? हीर म्हण की."

माझं बोट जागीच थांबलं. पेटी बसवली त्या दिवशी आई शेजारी उभी राहून विचारत होती, "हिरीपस्तोर पोचतं का रे ते वायफाय?" तिला उत्तर देता देताच मी नाव टाईप केलं होतं.

एच, आय, आर. डॉट लोकल.

हिरवं बटण आलं. दाबलं. पाईप आधी दोनदा खोकला, मग पाणी सरीत शिरलं. दोनला अजून वीस मिनिटं होती. आई वाफ्याच्या कडेला बसून एकेक रोप बोटानं सरळ करत राहिली. मीही चपला काढून पाण्यात पाय सोडले. लई बरं वाटलं.

त्या आनंदात मी तिला खरं ते सांगून टाकलं, की पोरांनी निबंधात 'हीर' लिहिलं की मी लाल पेनानं गोल करतो. वर म्हणालो, "थांब, पाणी झालं की मोटरीचं नाव शुद्ध करून घेतो."

आईनं मान वर केली नाही.

"शुद्ध करायचं तर लातूरच्या पोरांना कर. चालती मोटर बिघडवू नको."