म्हात्रे मामांचा भुंगेरा

ओढ्यातला दगड उचलून पाहिला की म्हात्रे मामा तो होता तसाच परत ठेवत आणि वरून हाताने दाबून बघत. "कोनाचा तरी घर हाय ता," म्हणत. कल्याणच्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे शिपाई होते. आंबिवलीजवळच्या गावातले आगरी. त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

एम.एस्सी.ला माझा विषय होता त्यांच्याच गावाजवळून काळू नदीला मिळणाऱ्या ओढ्यातला एक भुंगेरा. तिळाएवढा. राहतो पाण्यात, पण पोहता येत नाही. धारेतल्या दगडाला नखांनी धरून बसतो, अंगावरच्या हवेच्या पातळ थरातून श्वास घेतो. पाणी नासलं की संपतो. रविवारी मामा आपणहून सोबत येत. "आमचा ओहोल हाय बाय, तुला एकटीला काय म्हाईत?"

ओढ्यात जिथे वस्तीचं सांडपाणी मिळतं, तिथे तीस दगड बघायचे ठरले होते. पंधरा झाले, ऊन चढलं, आणि मी वहीत "नाही" लिहून सावलीत जाऊन बसले. मामा पाण्यातच राहिले. तासाभराने हात पुढे धरून आले. ओल्या बोटावर एक काळा ठिपका हळूहळू चालत होता.

मला आनंद नाही, राग आला. ओढा मेला, हा निष्कर्ष माझा लिहून तयार होता.

"एक हाय ना? मंग लिव," मामा म्हणाले. अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच पान उघडलं. "इतकी चिकाटी हल्ली दिसत नाही. तुम्हालाच सापडला हा?"

"हो सर."

मामा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. त्यांनी कप मांडले, माझ्याकडे बघून हसले आणि गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

सर खाली रिक्षात बसत होते, तेव्हा मी धावत जाऊन त्यांना गाठलं. "सर, मी खोटं बोलले. मी अर्ध्यावर सोडलेलं. भुंगेरा आमच्या म्हात्रे मामांनी शोधला."

सर रिक्षातून उतरले आणि तीन मजले पुन्हा चढले.

मामा कप विसळत होते. "मामा, हिने तर 'नाही' लिहिलं होतं," सर म्हणाले. "मग तुम्ही का शोधत राहिलात?"

मामांनी हात पुसले. "साहेब, 'नाय हाय' असा म्हनाचा, तं आधी नीट बगाला नको?"

सरांनी स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसले. मी उभीच राहिले.