नातीच्या वाट्याच्या गोळ्या

एदेलमिरा चालापुद म्हणजे महाहट्टी बाई. कुंबाल गावच्या डोंगरात तिनं बटाटे पिकवले, सहा पोरं वाढवली आणि पोटातल्या जळजळीला जन्मभर भीक घातली नाही. तिची आई पोटाच्याच कॅन्सरनं गेली होती, तरी नाही. आरोग्यकेंद्रात पोटाची घरटी तपासणी सुरू झाली, तेव्हा धाकट्या लेकीनं, नुबियानं, तिला अक्षरशः ओढत नेलं. जठरात जंतू निघाला, शिवाय जखमही. सोबत आलेल्या नुबियाच्या चार वर्षांच्या पोरीच्या, युलिसाच्या पोटातही तोच जंतू होता. पण चौदा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या फक्त आजीला.

"आणि पोरीला हो?"

"तिला काही त्रास नाही ना, आजी. आपण नुसतं लक्ष ठेवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

एदेलमिराला हे काही पटेना. पोरीला जंतू दिला कुणी? तिनंच! वस्तीतल्या सगळ्या आज्या करतात तसं तिनंही उकडलेला मका स्वतः चावून, मऊ करून पोरीच्या तोंडात घातला होता. तिचा जीव तिळतिळ तुटायला लागला. मग या बाईनं काय करावं! संध्याकाळच्या गोळ्या कुटायच्या, गुळाच्या पाण्यात कालवायच्या आणि गुपचूप नातीला पाजायच्या. स्वतः घ्यायची त्या फक्त सकाळच्या.

दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं. जंतू होता तिथंच होता, आणि जखम वाढली होती.

"गोळ्या सगळ्या घेतल्या होत्या ना, आजी?"

"घेतल्या की."

"मी पण घेतल्या!" आजीच्या मांडीवरून युलिसा ओरडली. "कडू कडू, शी!"

नुबिया ताडकन उठली. "आई! वेडबिड लागलंय का तुला?"

डॉक्टरीणबाईंनी आधी पोरीचं पोट दाबून पाहिलं, मग स्टूल आजीजवळ ओढलं. "पोरगी ठणठणीत आहे, पण पुन्हा असं करू नका. आजी, हा जंतू बहुतेकांना लहानपणीच मिळतो. मुलांच्या पोटात तो सहसा गप्प बसतो. वर्षानुवर्षं राहिला की मोठेपणी कुणाकुणाचं पोट कुरतडतो. हिच्याकडे वेळ आहे. तुमच्याकडे नाही. आता नव्या गोळ्या, आणि सगळ्या तुम्हीच घ्यायच्या."

"घेईन," एदेलमिरा म्हणाली. मनावरचं ओझं जरा उतरलं.

नुबिया मात्र उभीच होती. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"आई, मलाही तू असंच भरवलंस ना? चावून?"

"मग! सहाही जणांना."

"तपासणीच्या दिवशी मी तुम्हाला दोघींनाच आत पाठवलं. मी स्वतःला तपासून घेतलंच नाही." नुबियानं पोटावर हात ठेवला. "दोन वर्षं झाली, जळतंय. म्हटलं, तुला कशाला घोर."

एदेलमिरानं लेकीकडे पाहिलं. नुबिया चौतीस वर्षांची होती. इतके दिवस ही बाई नातीसाठी रडत होती, आणि पोटची पोर तिला एकदाही आठवली नव्हती.

पोरीला मांडीवरून उतरवून ती खुर्चीवरून उठली आणि लेकीला धरून तिनं तिथं बसवलं.

"माझं नंतर, डॉक्टर. आधी हिला बघा."