हायकोर्टाचा निकाल आन् मधल्या जागेवरचा मी

मंडळी, आज शिरूरहून न्हावऱ्याला निघालो होतो, पोचलो दौंडला. चूक माझी न्हाई.

एसटीत शेवटच्या बाकड्यावर दोन म्हाताऱ्यांच्या मधे जागा दिसली, बसलो. ती त्यांनी मुद्दाम सोडलेली होती! दोघं सख्खे भाऊ. विहिरीवरून हायकोर्टापर्यंत भांडले. कालच निकाल लागला: विहीर दोघांची, पाणी पाळीनं घ्या. पण दोघांची बोलाचाली बंद.

थोरले आबा मला म्हणाले, "त्याला सांग, पहिली पाळी माझी."

धाकटे आप्पा माझ्या दुसऱ्या बाजूलाच, तरी मी सांगितलं.

आप्पा म्हणाले, "त्याला इचार, तवर माझा कांदा जळू द्यायचा व्हय?"

न्हावऱ्याला उठलो, तर दोघांनी दोन्ही हात धरले. "बस रं! पाळी कुठं ठरलीय?" तेवढ्यावर मात्र एकमत.

दौंडपर्यंत तीन-तीन दिवस ठरले. पहिली पाळी कुणाची, ते राहिलं. दोघांनी माझा नंबर घेतला.

आत्ताच आबांचा फोन. "त्याला सांग, कांदा लई सुकलाय त्याचा. पहिली पाळी घे म्हणावं."

"आबा, शेजारीच घर हाय. हाक मारा की!"

"हायकोर्टानं पाणी वाटायला सांगितलंय. बोलायला कुठं सांगितलंय?"

लावलाय आप्पांना फोन. तुमच्या घरात असा निरोप्या कोण हाय?