डाव्या खांद्यावरची पाकळी

ओल्या काळ्या दगडाचा, समईतल्या तेलाचा आणि पिटकोळीच्या लाल फुलांचा मिळून एक वास आमच्या गावच्या देवळात असतो, आणि भर वैशाखातही तो अंगावर गारवा आणतो. बाहेर पेडण्याची दुपार पिकल्या फणसाच्या घमघमाटाने जड झालेली, तांबडी माती पायांना चटके देणारी, आणि आत गाभाऱ्यासमोर मी हात जोडून उभी, तळवे घामाने भिजलेले. त्या दुपारीला फार काळ लोटलेला नाही. अजूनही कुणाच्या अंगणात पिटकोळी फुललेली दिसली की मला तो गाभारा आठवतो.

बारावी झाली होती आणि पुढे मल्टिमीडिया कम्प्युटिंग आणि वेब डिझाइन शिकायचं, हे खूळ घरात मीच आणलं होतं. जत्रेच्या नाटकाची पोस्टरं मी मोबाईलवर करून द्यायची. राजाच्या मुकुटामागे सोनेरी प्रभा, खाली नटांची नावं, कोपऱ्यात देवीचं छायाचित्र. तुयेच्या कारखान्यात बाबांच्या पाळीतले लोक ती पोस्टरं एकमेकांना दाखवत आणि म्हणत, "तुज्या चेडवाच्या हातात कला आसा मरे!" बाबा घरी येऊन तेच वाक्य आईला ऐकवत, तिने एकदा ऐकलेलं असलं तरी पुन्हा ऐकवत. मीही त्या कौतुकात फुगत गेले आणि जेवताना मोठमोठ्या गप्पा मारू लागले.

मग एकदा म्हापशाला जाऊन कॉलेज पाहून आले, आणि माझी सगळी हवा गेली. थंडगार प्रयोगशाळेत एक मुलगी संगणकापुढे बसली होती. तिच्यासमोर कोरा पांढरा पडदा होता, आणि त्यावर ती रेघेरेघेने एक पान उमटवत होती. आधी देठ, मग शिरा, मग कडेवरचा किंचित कुरतडलेला भाग. मी तिच्यामागे उभी राहून बघतच राहिले. माझ्या पोस्टरांतलं काहीच माझं नव्हतं. सोनेरी प्रभा तयार मिळायची, चौकट तयार मिळायची, मी फक्त मुकुटाखालचा चेहरा बदलायची. हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्या पांढऱ्या पडद्यापुढे बसल्याबरोबर ते सगळ्यांना दिसणार होतं. परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर काजूच्या बागा मागे पळत होत्या आणि मी मुठी आवळून बसले होते. जायची भीती वाटत होती. आणि एवढा गाजावाजा करून आता नको कसं म्हणायचं, याचीही तितकीच.

म्हणून बाबा जेव्हा म्हणाले, "एकदा मावलीक विचारुया," तेव्हा मला हायसं वाटलं. आमच्याकडे लग्न असो, नवी विहीर असो, कुणाचं परदेशी जाणं असो, देवीचा कौल घेतल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. पिटकोळीच्या पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा; उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझं मनाशी ठरलं होतं. डावी पडेल, मी चारचौघांत थोडी रडेन, आणि पेडण्यातल्या कॉलेजात मैत्रिणींच्या घोळक्यात मुकाट्याने नाव घालीन. दोष कुणाचाच नसेल.

गुरवांना सगळा गाव आबा म्हणतो. त्यांना माझ्या विषयाचं नाव काही केल्या उच्चारता येईना. शेवटी त्यांनी आपल्या पद्धतीने गाऱ्हाणं घातलं, "गे मावली, ह्या चेडू कांप्युटराचा शिक्षाण घेवक जाता. तां तेका धार्जिणा आसा तर उजवी दी, नासल्यार डावी दी."

पाकळी हलली नाही. बाबांनी दुसरा प्रश्न सुचवला, नोकरी मिळेल का म्हणून. पाकळी हलली नाही. शेजारी बाबा उजवीसाठी पुटपुटत होते, मी डावीसाठी देवीच्या विनवण्या करत होते, आणि समईची ज्योत तेवढी मधूनमधून थरथरत होती. आबांनी पंच्याने कपाळ पुसलं आणि ते म्हणाले, "मावली उलयना. विचारूचा तां तुमी विचारूक नाय."

तेव्हा आई पुढे झाली. इतका वेळ ती आमच्यामागे खांबापाशी उभी होती. तिने पदर सारखा केला आणि हलक्या आवाजात, शेजारणीशी बोलावं तशी ती देवीशी बोलली. "गे मावली, माजा चेडू भियाता. तोंडान सांगना, पण माका कळता. तेका घरात अडवून धरू काय?"

आणि डाव्या खांद्यावरची पाकळी सुटून खाली आली.

सुटले, एवढंच माझ्या मनात आलं. बाबांचा चेहरा पडला. "जावंदी," ते म्हणाले, "चला घरा."

"चला खंय?" आबा म्हणाले. "बायन काय विचारल्यान तां आयकूक नाय? अडवू काय म्हणान विचारल्यान. मावलीन नाय म्हणान सांगल्यान."

मागितली होती ती डावीच देवीने दिली होती, पण आईच्या प्रश्नाला. माझ्या भीतीचं नाव देवळात सगळ्यांसमोर घेतलं गेलं होतं आणि ती भीती मला घरी ठेवायला पुरेशी ठरली नव्हती. आता मागे फिरायला काही सबब उरली नाही.

वाटेत मी आईला विचारलं, तुला कसं कळलं. ती पुढे बघत चालता चालता म्हणाली, "नुस्त्याची कढी समोर आसून तू हात धुतंस. माका कळाचा नाय?" माशांच्या कढीवरून मी आजवर कधी अर्धपोटी उठले नव्हते.

आता मी रोज म्हापशाला जाते. भीती गेलेली नाही. संगणक सुरू होतो, पांढरा पडदा उजळतो आणि पहिली रेघ ओढायला मी उगाच वेळ लावते. परवा पिटकोळीची एक पाकळी रेघेरेघेने काढायला बसले तर ती आधी मिरचीसारखी झाली, मग नखासारखी. वर्गातली मुलं हसली, मीही हसले, आणि पुसून पुन्हा सुरुवात केली. त्या नादात दुपार झाली, डबा तसाच बंद राहिला, आणि आईचा फोन आला. जेवलंस, एवढंच ती रोज विचारते. हो म्हणून टाकावं असं मनात होतं, पण तोंडातून शब्द निघायला जरा उशीर झाला.

तेवढ्यावरून तिला कळलं. "भियाचा तितक्या भिय गो," ती म्हणाली, "पण आदी जेव."