मुलुंड ते चारकोप, व्हाया आत्याचं नाक

लोक स्केचबुक घेऊन हंपीला जातात, वाराणसीला जातात, ऐपत असेल तर इटलीला जातात. मी मुलुंडहून चारकोपला गेलो. रिक्षाने लिंक रोडवरून हा प्रवास ट्रॅफिक धरून दोन तासांत उरकतो. मी त्याची दोन दिवस, एक रात्र अशी सहल केली. बरीच वर्षं सुटलेलं चित्रकाम ज्यांना पुन्हा धरायचं आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग सविस्तर देतोय.

आधी कारण सांगतो. आई चारकोपला एकटी राहते. बाबा गेले तेव्हा घाईगर्दीत त्यांचा एकही धड फोटो सापडेना, म्हणून आधार कार्डावरचा मोठा करून घेतला. तोच आता फ्रीजच्या वर हारासकट आहे. एक दिवस आईचा फोन आला. इतकी वर्षं मुंबईत काढूनही तिचं मालवणी जसंच्या तसं आहे.

"तुझे बाबा बघ, पाकीट मारताना धरल्यासारखे दिसतत," ती म्हणाली. "माझो फोटो तसो नको. तू माझा चित्र काढ. इंटरमिजिएटाक ए ग्रेड होती मा तुका?"

"आई, तुला काय झालंय?"

"काय नाय झाला. झाल्यार मगे मी बसतलंय काय तुझ्यासमोर?"

शाळेतल्या त्या इंटरमिजिएट परीक्षेची ए ग्रेड मी लग्नाच्या बायोडेटापासून ऑफिसातल्या गणपतीच्या मखरापर्यंत सगळीकडे वापरली आहे. चित्र मात्र त्यानंतर एकही काढलं नाही. फोन ठेवला आणि लगेच कामाला लागलो, म्हणजे ऑनलाइन पेन्सिली मागवल्या.

"मागचा सेट अजून प्लास्टिकमधून बाहेर आला नाहीये," मेधा, माझी बायको, म्हणाली.

"तो वॉटरकलरचा होता."

"हो का? मग हा कुठल्या प्लास्टिकमध्ये राहणार?"

अशा प्रोत्साहनानंतर माणूस घराबाहेर पडतोच. एकदम आईचा चेहरा काढायला बसण्याऐवजी वाटेत थांबत, हात मोकळा करत जायचं ठरवलं.

शनिवारी सकाळी मुलुंडहून एसी बस पकडली. एलबीएस रोडवर मेट्रोचं काम चालू असल्याने बस इतकी निवांत चालते की खिडकीतून स्थिरचित्र काढता येईल. मी काढलं नाही, डोळा लागला. घाटकोपर स्टेशनला उतरून पुलावरून पूर्वेला गेलो. तिथल्या खाऊगल्लीला खरा रंग संध्याकाळी चढतो, पण तेव्हा पेन्सिलच काय, कोपर टेकायलाही जागा मिळत नाही. दुपारच्या आत जा. डोसा घ्या, चीज नको म्हणून आधीच सांगा, नाहीतर डोसा शोधावा लागतो.

एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून डोशाची गाडी आणि भोवतीची गर्दी काढायला घेतली. पहिल्या रेघा वाकड्या गेल्या, मग हात चालायला लागला. तवा आला, छत्री आली, माणसं भराभर आली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, तेवढ्यात शेजारच्या पायरीवर डोसा खाणारे एक गुजराती काका वाकून बघायला लागले.

"अच्छा है," ते म्हणाले. "लेकिन ये सब लोग उधर क्या देख रहा है? उधर कुछ हुआ क्या?"

बघतो तर चित्रातली झाडून सगळी माणसं पाठमोरी. समोर प्रत्यक्षात अर्धी गर्दी माझ्याकडे तोंड करून खात होती, आणि मी सगळ्यांना फिरवून ठेवलं होतं. तेव्हा आठवलं. परीक्षेत स्मरणचित्र असायचं, बाजार नाहीतर बसस्टॉप, आणि त्यात माणसं हवीतच. आमच्या चित्रकलेच्या सरांनी आदल्या दिवशी मंत्र दिला होता: तोंड जमत नसेल तर पाठमोरी काढा, गुण कापत नाहीत. त्या मंत्रावर माझी ए ग्रेड उभी होती. डोळ्यांनी काय दिसतंय याच्याशी हाताचा काही संबंधच उरला नव्हता.

घाटकोपरहून अंधेरीला मेट्रो. डी. एन. नगरला उतरायचं आणि चालत अंधेरी पश्चिमच्या दुसऱ्या मेट्रोत जायचं. बाण बघत चाला, लोकांना विचारू नका, तेही बाणच बघत असतात. मधल्या वाटेवर एका खांबाला टेकून मी निग्रहाने स्केचबुक काढलं. या वेळी चेहराच काढायचा. समोर सिक्युरिटीवाला उभा होता, झुपकेदार मिशा, काढायला सोपा.

दोन मिनिटांत तोच माझ्याकडे आला. "इथे फोटो काढायचा नाही."

"फोटो नाही, चित्र काढतोय."

"कुणाचं?"

"तुमचं."

तो जरा घुटमळला, इकडेतिकडे बघितलं, मिशीवरून हात फिरवला. "दाखवा."

दाखवलं. त्याने बराच वेळ निरखून पाहिलं. "टोपी झकास आलीय. पण मी कुठेय?"

टोपी मी मिशीपर्यंत खाली ओढली होती. सवय, दुसरं काय! त्याने मला सोडलं, पण थोडा नाराज झाला, आणि मला त्याचं वाईट वाटलं.

डहाणूकरवाडीला उतरून शेअर रिक्षाने आईकडे पोचलो. राहण्याची सोय उत्तम, दर विचारायचा नाही. शनिवार म्हणून मासे नव्हते, काळ्या वाटाण्याचं सांबार आणि घावणे होते. मी पाच खाल्ले. आईने "हात बसलो काय?" असं विचारलं तेव्हा तोंड भरलेलं होतं ते बरं झालं.

रविवारी सकाळी ती ओट्यापाशी बांगडे साफ करत होती. मी मागे स्टूल टाकून बसलो आणि काढलं. अंबाडा, खांद्यावरचा पदर, कोपराचा कोन, सगळं कसं पटापट आलं. खरं सांगतो, चित्र छान होतं. तिने हात पुसून चष्मा लावला.

"पाठ कोण लावता रे भिंतीर? हार खंय घालतलंस? अंबाड्यार?"

मग ती स्वतःच खुर्ची ओढून, बाबांच्या फोटोखाली, माझ्या समोर येऊन बसली. आता पळायला वाट नव्हती. मी बघायला लागलो. आईकडे आपण इतका वेळ कधी बघतच नाही. जेवताना ताटाकडे बघतो, बोलताना फोनकडे. डाव्या भुवईत एक बारीक खूण आहे, ती मला माहीतच नव्हती. एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरासा मिटलेला. ती शेजारणीच्या सुनेबद्दल अखंड बोलत होती, आणि माझा हात थांबत होता. भीती तोंड चुकण्याची नव्हती. चित्र पुरं झालं की ते कशासाठी आहे, हे मला ठाऊक होतं. ते पुरं होऊच नये असं वाटत होतं.

तरी तासाभरात एक चेहरा तयार झाला. आईने तो लांब धरला, जवळ धरला.

"नाक चुकला," ती म्हणाली. "ह्या नाक तुझ्या आत्याचा. तिका मी माझ्या भिंतीर घेवचंय नाय. पुढच्या आयतवारी ये."

बाबांची बहीण आणि आई यांचं जे काही आहे ते माझ्या जन्माआधीचं आहे, त्यात मी पडत नाही. बांगड्यांचं तिखलं खाल्लं आणि रिक्षा करून लिंक रोडने सरळ मुलुंडला आलो. सहलीचा सगळ्यात मोठा खर्च या परतीच्या रिक्षाचा. बाकी सगळं मिळून त्या पेन्सिलींच्या निम्म्या किमतीएवढंही झालं नाही.

लोक विचारतात, सराव नियमित कसा ठेवायचा? याचे व्हिडिओ मी भरपूर बघितलेत. माझा उपाय त्यांत कुठे नाही. त्या दिवसापासून प्रत्येक रविवारी मी चारकोपला जातो. दर वेळी नवा कागद, समोर आई. हनुवटी सुधारली, डोळे तर आता तिचेच येतात. नाक तेवढं आत्याचं.

या रविवारी मात्र नाक आलं. अगदी आलं, मी स्वतःच दचकलो. आई चहा टाकायला आत गेली होती. मी वर बाबांकडे बघितलं, खोडरबर घेतलं, आणि नाकाचा शेंडा पुसून जरा रुंद केला.

आई कप घेऊन आली, चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिलं. "अजून आत्याच आसा," ती म्हणाली आणि बशीत चहा ओतून माझ्यापुढे सरकवला. बशीत चहा ती फक्त खूश असली की देते.

घरी आल्यावर मेधाने विचारलं, "झालं का एकदाचं?"

"नाक राहिलंय," मी म्हटलं आणि पेन्सिलींना टोक काढायला बसलो.