बापाच्या खांबाची जोडी

माझ्या बापाच्या खांबावर ओला टॉवेल वाळत टाकला होता. खाली कोणाची तरी चड्डी.

चंद्रपूरच्या बाहेर, वाघ पाहायला येणाऱ्यांसाठी बांधलेलं रिसॉर्ट. तिथी मी लाकडाच्या मूर्ती कोरतो. कोरत होतो. पोहायच्या हौदाच्या दारापाशी नवा उभा केलेला खांब दिसला आन् मी जवळ गेलो. सागाचा, माणसाएवढा. वर मोर, खाली ढोल वाजवणारा माणूस. ढोलाची एक बाजू वाकडी. बाप मेला तवा मीच कोरला होता तो. पोरगा होतो, डोळ्यात पाणी होतं, पटाशी घसरली होती.

आमच्यात माणूस गेला की घरचाच कोणी त्याच्या नावाचा खांब कोरते. त्याले जे आवडे, ते त्यावर काढते. गावाच्या शिवेवर गाडते. मंग कोणी हात लावत नाई. रंग नाई, तेल नाई. वाळवी खाते, पाण्यापावसात सडते, खांब मातीत जाते. माणूस तवाच सुटते.

उन्हाळ्यात गावचा रोड रुंद केला. माय फोनवर म्हणे, "खांब दिसत नाई रे. मातीखाली गेले वाटते." मातीखाली कायचे जातेत! ठेकेदाराच्या ट्रकात बसून गेले, बापाचा इथी आला. वरून चकचकीत वार्निश. वाळवी लागू नये म्हणून. माझ्या बापाले सडूही देऊन नाई राह्यले हे लोक.

तेवढ्यात रिसॉर्टचा शेठ आला, पाहुण्यांना घेऊन. यानं मले कधी नावानं हाक मारली नाई. "हा आमचा जंगली आर्टिस्ट," म्हणे. फोटोसाठी सदरा काढायला लावे, डोक्यात मोरपिसं खोचे. लॉबीसाठी उघड्या छातीच्या बाया कोरून घेतल्या माझ्याकडून. आदिवासी बाया म्हणे. माझी माय आयुष्यात कधी अशी उभी राह्यली नाई. शी!

टॉवेल सरकवून शेठनं खांबावर थाप मारली.

"काय पीस आहे ना! याची जोडी बनवून दे. दाराच्या दुसऱ्या बाजूला लावू. पण बाई पाहिजे."

बापाची जोडी म्हणजे माझी माय. ती जिती आहे. आज सकाळीच धान कापायला शेतावर, बांधीत गेली असेल. जित्या माणसाचा खांब कोरणं म्हणजे त्याले मारणं.

मी म्हणलो, "शेठ, हा माझा बाप आहे."

पाहुणे हासले. त्याईले गंमत वाटली. शेठही हासला. "अरे वा! मग फॅमिली पूर्ण कर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणलो, "तुमच्या घरी कोण मेलं, शेठ? नाव सांगा. त्याचा खांब कोरून देतो. पाहुण्यांच्या टॉवेलांच्या कामी येईल."

शेठचं थोबाड उतरलं. "लायकी विसरलास? एक फोन केला ना, या जिल्ह्यात तुला कोणी काम देणार नाही."

"नका देऊ. हात माझे आहेत."

माळ्याच्या खोलीतून लोखंडी सबल आणली. टॉवेल हौदात फेकला, चड्डीही फेकली. साऱ्यांसमोर बुडाचं सिमेंट फोडलं. पाहुण्यांनी मोबाईल काढले. म्हणलो, "काढा. आज सदरा घालून आहो, नीट काढा." शेठ वॉचमनवर ओरडला, "बघतोस काय? धर त्याला!" वॉचमन कुरखेड्याकडचा, आमच्यातलाच. तो आला, आन् खांबाचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून गेटाबाहेर काढला.

आता चौकीत तक्रार आहे म्हणतेत, मी चोरी केली म्हणून. चोरी! थू तुमच्या तोंडावर. बोलवा मले. कोणी कोणाचा बाप चोरला, ते तिथीच सांगतो.

गावचे बाकीचे खांब अजून सापडले नाई. कोणाची आजी आहे त्यात, कोणाचा लेक. कोणत्या हॉटेलात, कोणाच्या हॉलमध्ये उभे केले, मी शोधून राह्यलो. सापडले की येईन. लपूनछपून नाई, भरदिवसा येईन. दार उघडं ठेवा. नाईतर तेही फोडीन.